ओढ्यानंतर डावा पाय

बकआय घळ, वेस्ट व्हर्जिनिया
९ मार्च १९९४

आर्लिस,

तू जिवंत आहेस असं धरून लिहितोय. ख्रिसमसनंतर तुझं एक अक्षर नाही. आणि हो, फोन करत जाऊ नकोस. कारखान्याच्या खडखडाटाने तुझे कान गेलेत आणि खाणीच्या धुळीने माझी फुप्फुसं. गेल्या वेळी दोघं भाऊ नुसते "हां? काय? हां?" करत बसलो होतो आणि शेजारच्या क्लोव्हिसची बायको पोट धरधरून हसत होती. त्यापेक्षा पत्र बरं. त्याला धाप लागत नाही.

काम आहे. माझ्या पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचे आहेत. पुढच्या चाकांना डिस्क आहेतच. तुमच्या ओहायोत भंगारवाल्यांची काय कमी! मोठ्या मोटारींच्या मागच्या चाकांना हँडब्रेकसकट कॅलिपर येतात, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारे चिमटे, तसली एक जोडी शोध. अ‍ॅक्सलवर बसवायच्या पट्ट्या तुझ्या कारखान्यात जाड पत्र्यातून कापून घे. मापं मागच्या पानावर दिलीत, क्लोव्हिसने घेतली आहेत, तेव्हा दोनदा तपासून बघ.

कशासाठी म्हणून विचारू नकोस. गाडी विकायची आहे. डिस्क असले की गिऱ्हाईक लवकर मिळतं.

बाकी घळीत आहे तसंच आहे. ओढा भरलाय. पूल वाहून गेल्यापासून इकडे कुणी साहेब फिरकलेला नाही.

होबर्ट


अ‍ॅक्रन, ओहायो
१६ मार्च १९९४

दादा,

गाडी विकायची आहे म्हणे! अरे, कुणाला बनवतोस? आईच्या मयताला गेलो ते त्या पिकअपमधून. तू ती विकशील तर मी दाढी वाढवून बाप्तिस्मा द्यायला बसेन. शिवाय तुला ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागतं, हे क्लोव्हिसनेच सांगितलंय मला. अशा माणसाला मागचे ब्रेक कशाला हवेत? तू चालवणार आहेस थोडाच?

कॅलिपर शोधतो. पण आधी खरं सांग. खरं कळल्याशिवाय मी पत्र्याला करवत लावायचा नाही.

मार्डेल स्वयंपाकघरातून विचारते, तब्येत कशी आहे. तू "ठीक" लिहिणार, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

आर्लिस


बकआय घळ
२७ मार्च १९९४

आर्लिस,

तब्येत ठीक.

लहानपणापासून तू असाच चोंबडा. ऐक मग. गाडी पोरीला, व्हर्नाला, द्यायची आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. ती नवऱ्याची, त्या डॉयलची, जुनी मोटार घेऊन कामावर निघाली. त्या मोटारीला चारही चाकांना ड्रम. तिच्या घराकडून रस्त्याला यायचं म्हणजे ओढ्यातून गाडी घालावी लागते, आणि ओढा ओलांडला की लगेच घाट उतरायचा. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक असून नसल्यासारखे, हे तुला मी काय सांगू. ओढ्यापलीकडचा प्रत्येक माणूस पाण्यातून वर आला की, क्लच नसल्याने मोकळा असलेला डावा पाय ब्रेकवर हलकासा ठेवतो, आणि चर्चच्या वळणापर्यंत तसाच ठेवतो, म्हणजे ड्रमच्या आतले लायनर घासून तापतात आणि सुकतात. व्हर्नाला चौदाव्या वर्षी मीच शिकवलं ते, ह्याच पिकअपमध्ये. "ओढा झाला की डावा पाय," असं इतक्यांदा घोकून घेतलं होतं की पोर झोपेत बडबडायची.

त्या दिवशी पाणी जास्त होतं. लायनर सुकले नाहीत. मोटार वळणावर सरळ गेली आणि एक चाक दरीवर लटकून थांबली. मला ओसरीवरून सगळं दिसलं. मी उठून उभा राहिलो, आर्लिस, आणि माझ्या तोंडून तिचं नाव निघेना. पाच वर्षं घेतलं नव्हतं ना. नरडंच विसरून गेलं होतं.

डिस्कमध्ये पाणी थांबत नाही. चाक फिरलं की झटकलं. म्हणून डिस्क.

आता माझ्या शपथेचा विषय काढू नकोस. संपात आम्ही दहा महिने खाणीच्या फाटकाबाहेर उभे होतो. थंडीत, पोरंबाळं उपाशी ठेवून. आणि डॉयल आमच्या डोळ्यांदेखत कंपनीच्या बसमध्ये बसून आत गेला. संपफोड्याच्या घरात जोवर ती भाकरी खाते तोवर तिच्याशी एक शब्द बोलणार नाही, असं मी युनियनच्या सभेत सगळ्यांसमोर म्हटलंय. त्या घरी आपल्यापैकी कुणी एक ओळसुद्धा धाडायची नाही. तूही नाही. गाडीचं वेगळं. गाडी काही बोलत नाही.

होबर्ट


अ‍ॅक्रन
१८ एप्रिल १९९४

दादा,

सामान पाठवलंय. माझ्याबरोबर काम करणारा एकजण तुमच्या बाजूला सासुरवाडीला निघालाय, तो क्लोव्हिसकडे पोचवेल. कॅलिपर, डिस्क, पॅड, रबरी नळ्या, पट्ट्या सगळं आहे. क्लोव्हिसची मापं चुकलीच होती. मी पुस्तकात बघून कापलंय.

तीन गोष्टी ध्यानात ठेव. एक, मास्टर सिलिंडरमध्ये मागच्या पाइपाच्या तोंडाशी रबराचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, ड्रमसाठी दाब धरून ठेवणारा. तो उपसून काढ, नाहीतर पॅड डिस्कला चिकटून राहतील. दोन, पाइपांच्या मधला पितळी व्हॉल्व्ह बदल, नवा पिशवीत आहे. तीन, आणि हे देवाशपथ सांगतो, क्लोव्हिस कटर चालवत असेल तेव्हा तुझं ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन शेडमध्ये बसू नकोस. एक ठिणगी उडाली तर गाडी, शेड आणि दोन म्हातारे एकदमच स्वर्गात जातील. क्लोव्हिस जाईल की नाही ते माहीत नाही.

शपथेबद्दल बोलत नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हाच.

आर्लिस


बकआय घळ
३० मे १९९४

आर्लिस,

तू पाठवलेलं सामान भिकार आहे. सगळं बसवलं, आणि ब्रेकचं पेडल स्पंजासारखं. पाय ठेवला की खाली जातंच आहे. हवा काढतोय, काढतोय, संपतच नाही. क्लोव्हिस पेडल मारतो, मी बादली उपडी घालून चाकाशी बसतो आणि कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करतो. क्लोव्हिसच्या पोटरीला गोळे आले. काल तर तो पाना फेकून घरी निघून गेला, आणि जाताना मला जे बोलला ते रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही.

कॅलिपरच गळके असतील. भंगार ते भंगारच.

होबर्ट


अ‍ॅक्रन
६ जून १९९४

दादा,

निपल वर आहे की खाली?

आर्लिस


बकआय घळ
१३ जून १९९४

आर्लिस,

खाली.

हसून झालं असेल तर ऐक. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. हवा वर, निपल खाली, मग जन्मभर पेडल मारलं तरी काय होणार! क्लोव्हिस म्हणतो चूक माझी. मी म्हणतो त्याची. नाचता येईना अंगण वाकडं. दोघांनी मिळून पुन्हा उघडलं आणि अदलाबदल केली. आता पेडल दगडासारखं घट्ट आहे.

मार्डेलला सांगू नकोस.

होबर्ट


बकआय घळ
२६ जून १९९४

आर्लिस,

झालं. काल मी स्वतः गाडी चालवली. नळकांडं शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, एखाद्या पाहुण्यासारखं. मुद्दाम ओढ्यातून दोनदा नेली आणि आणली, वर आल्या आल्या ब्रेक मारला. जागच्या जागी उभी! दाराशी बसलेल्या क्लोव्हिसने डॅशबोर्डवर डोकं आपटून घेतलं. खूप दिवसांनी मला बरं वाटलं, तुला म्हणून सांगतो.

ब्रेक ऑइल शेडमधल्या जुन्या डब्यातलं घातलं. झाकण जरा सैल होतं, पण तेल चांगलं दिसत होतं.

आज सकाळी क्लोव्हिस गाडी पलीकडे लावून आला. किल्ली सीटवर ठेवली. व्हर्ना दारात आली तेव्हा त्याने सांगितलं, "ब्रेक नवे आहेत." तिने विचारलं, "डॅडी काही म्हणाले?" तो म्हणाला, नाही. मग ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन गाडीत बसली. क्लोव्हिसने एवढंच सांगितलं. मीही जास्त विचारलं नाही.

होबर्ट


अ‍ॅक्रन
३ जुलै १९९४

दादा,

शाब्बास! पण दोन गोष्टी, आणि दोन्ही चेष्टेच्या नाहीत.

पहिली, ते तेल काढून टाक. सैल झाकणाच्या डब्यात हवेतलं पाणी शिरतं. तसलं तेल तापलं की उकळतं, आणि उकळलं की पेडल जमिनीला टेकतं.

दुसरी जास्त मोठी. व्हर्ना ओढ्यानंतर डावा पाय ठेवते ना? ड्रम होते तोवर चालत होतं. हलका पाय ठेवला की आधी मागचे ड्रम लागायचे, पुढचे डिस्क मागाहून. ते करणारा पितळी व्हॉल्व्ह आपण बदलला. आता पाय हलका ठेवला तरी चारही चाकांचे पॅड घासत राहणार. चर्चच्या वळणापर्यंत उतार केवढा आहे तुला माहीत आहे. आणि त्यात हे तेल! ज्या सवयीने आजवर तिला वाचवलं तीच आता तिच्या मुळावर येईल.

तिला सांग. डिस्कला सुकवावं लागत नाही, डावा पाय जमिनीवर, गाडी लो गिअरमध्ये. एवढंच. तुला बोलायचं नसेल तर मी लिहितो तिला. पत्ता आहे माझ्याकडे.

आर्लिस


बकआय घळ
१५ जुलै १९९४

आर्लिस,

तू लिहायचं नाहीस. मी सांगितलंय तिला.

होबर्ट


अ‍ॅक्रन
२२ जुलै १९९४

दादा,

सांगितलंस? तू? तोंडाने?

मार्डेलला पत्र वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली. पाच वर्षांनी बोललास, आणि मला लिहितोस एका ओळीत! अरे, काय म्हणाली पोरगी? डॉयल होता का? आत बोलावलंन का तुला? तुझ्या युनियनवाल्यांना काय सांगायचं ते मी सांगेन, पाहिजे तर. सगळं सविस्तर लिही. असा कोरडा राहू नकोस.

आर्लिस


बकआय घळ
१९ ऑक्टोबर १९९४

आर्लिस,

उत्तराला उशीर झाला. ऑगस्टभर इस्पितळात होतो. आता नळकांडं रात्रंदिवस लागतं. डॉक्टर कोवळा पोरगा आहे, खाली बघून बोलतो, त्यावरून काय ते समजलो.

घळीत पानं लाल झालीत. क्लोव्हिसची बायको घेवड्याची आमटी आणि मक्याची भाकरी आणून देते. दोन घास जातात. दिवसभर ओसरीवर बसतो. सकाळी व्हर्ना कामावर निघते तेवढाच एक कार्यक्रम. ओढ्यातून पिकअप वर येते, मग मागचे लाल दिवे उतारावरून खाली जाताना दिसतात. झाडांमधून थेट चर्चच्या वळणापर्यंत दिसतात. ते वळणाआड गेले की मी कॉफी पितो. आधी घशाखाली उतरत नाही.

ती वाळली आहे. इस्पितळात एकदा आली होती म्हणे, मी झोपलो होतो तेव्हा. नर्सने सांगितलं.

होबर्ट


अ‍ॅक्रन
२ नोव्हेंबर १९९४

दादा,

लाल दिवे थेट वळणापर्यंत दिसतात? तेवढा सगळा उतार?

मग तिचा पाय ब्रेकवर आहे. रोज आहे. आणि हे तुला कळत नाही असं म्हणू नकोस, ब्रेक तुझ्या हातचे आहेत. म्हणूनच कॉफी उतरत नाही घशाखाली.

तू तिला सांगितलं नाहीस. तू माझ्याशी खोटं बोललास, दादा. आणि इथे आम्ही दोघं मूर्ख तुझ्या नावाने आनंदाचे अश्रू गाळत बसलो. तेल तरी बदललंस का? ते पण नसशील. शपथ घे आणि जाळ! कंपनी केव्हाच खाण बंद करून गेली, युनियनच्या ऑफिसात आता गुरांचा चारा विकतात, आणि तू एकटा अजून फाटकाबाहेर उभा आहेस. कुणासाठी? त्या डॉयलचं काही जाणार नाही. जायचीच तर तुझी पोर जाईल.

एक आठवडा देतो. तू बोलला नाहीस तर मी तिला लिहितो. ह्यात आता तुझं ऐकणार नाही.

आर्लिस


बकआय घळ
९ नोव्हेंबर १९९४

आर्लिस,

हे क्लोव्हिसकडून लिहून घेतोय. पेन धरवत नाही. क्लोव्हिस, तुझं मत लिहू नकोस, मी सांगतो तेवढंच लिही.

तू म्हणतोस ते सगळं खरं. तेल बदललं नाही, वाकताच येत नाही. पाय दिसतो, म्हणजे दिवे दिसतात. जुलैपासून रोज सकाळी ठरवतो की आज हाक मारायची. ती गाडी घेऊन माझ्या दारावरून जाते. काच खाली असते तिची, थंडीतसुद्धा. मला वाटतं मुद्दाम ठेवते. आणि मी बसून राहतो.

तू लिहू नकोस. मी भीक मागतो असं समज. तू लिहिलंस तर ते तिला तुझ्याकडून कळेल, आणि मग माझ्याकडे तिला सांगण्यासारखं काहीच उरत नाही. इतकी वर्षं गेल्यावर काय बोलायचं रे माणसाने? "कशी आहेस" म्हणू? लाज वाटते. पण "पाय काढ ब्रेकवरून" हे मला म्हणता येईल. ते बापाने म्हणायचंच असतं. तेवढ्यावरून सुरुवात होईल. पुढचं ती बोलेल, तिला बोलायला आवडायचं.

येत्या रविवारी चर्चच्या दारात सांगतो. क्लोव्हिस मला घेऊन जाईल. एवढं मला करू दे.

होबर्ट

(आर्लिस, मी क्लोव्हिस. तो रडतोय. लिहू नकोस तू. करू दे त्याला.)


अ‍ॅक्रन
१२ नोव्हेंबर १९९४

दादा,

बरं. नाही लिहीत. पण ह्या रविवारी सांगच.

आर्लिस


बकआय घळ
११ डिसेंबर १९९४

आर्लिसकाका,

मयताच्या दिवशी तुमच्याशी बोलता आलं नाही. खांद्याचं हाड मोडलंय, त्यावरच्या गोळ्यांनी मला कोण आलं कोण गेलं काही कळत नव्हतं. शिवाय डॉयल बाहेर गाडीतच बसून होता, कुणी काही बोलेल म्हणून. हे डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुम्हाला कसं झालं ते कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. आणि एक विचारायचंय.

डॅडी गेले त्याआधीच्या रविवारी ते चर्चच्या दारात उभे होते, नळकांडं घेऊन. माझ्याकडे बघत होते. तोंड उघडं होतं त्यांचं. मला वाटलं डॉयल बरोबर आहे म्हणून सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार. मी मान खाली घातली आणि बाजूने निघून गेले. त्यांनी हाकही मारली नाही. क्लोव्हिसकाका म्हणतात, मारली होती, आवाज फुटला नाही.

मग हरणांच्या शिकारीचा आठवडा लागला. घळीतले सगळे पुरुष रानात. मंगळवारी सकाळी क्लोव्हिसकाकांची बायको ओढ्याकाठी येऊन ओरडायला लागली, होबर्टला श्वास घेता येत नाही, अ‍ॅम्ब्युलन्सला वर यायला तास लागेल म्हणतात. डॉयल कामावर होता. मी पिकअप काढली. आम्ही दोघींनी उचलून डॅडींना बसवलं. किती हलके झाले होते, काका. तोंडावर मास्क, नळकांडं दोन्ही पायांच्या मध्ये. पाच वर्षांनी पहिल्यांदा मी त्यांच्या इतक्या जवळ बसले होते, आणि मला एकच सुचत होतं की गाडी नीट चालवायची. त्यांनी शिकवली तशी. त्यांच्या समोर एकही चूक करायची नाही.

उतार लागला तसे ते माझ्याकडे वळले. मास्क खाली ओढला. ओठ हलत होते, पण नुसती शिट्टीसारखी हवा. मी म्हटलं, "मास्क लावा." तर त्यांनी हात पुढे करून माझा डावा गुडघा धरला. धरला म्हणजे, ओढायला लागले. सगळा जोर लावून. नखं रुतली मला. आणि मान हलवत होते, नाही, नाही, अशी.

मला वाटलं, थांबव म्हणताहेत. मला उतरव. संपफोड्याच्या बायकोच्या हातून इस्पितळात जायचं नाही, मेलो तरी चालेल. दुसरं काय वाटणार? त्यांनी पाच वर्षं मला दुसरं काही वाटू दिलं होतं का? मी त्यांचा हात झटकून टाकला. म्हटलं, "गप बसा, डॅडी! तुम्हाला माझा कितीही तिटकारा असला तरी मी तुम्हाला मरू देणार नाही." पाय आणखी घट्ट ठेवला. त्यांनी पुन्हा गुडघा धरला. मी पुन्हा झटकला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसले.

नंतर जळका वास आला आणि पेडल खाली गेलं. पार खाली. दरीकडे जाऊ नये म्हणून मी गाडी डोंगरात घातली. माझ्या खांद्यावर निभावलं. नळकांड्याची नळी तुटली होती. मी त्यांना रस्त्यावर आडवं केलं आणि एका हाताने धरून बसले. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा ते गेले होते.

पोलिसाने लिहिलं, ब्रेक निकामी. ठीक आहे. जुनी गाडी होती. मला विचारायचंय ते हे. तुमची पत्रं यायची त्यांना, तुमच्याशी ते सगळं बोलायचे. ते मला काय सांगत होते? खरंच उतरव म्हणत होते का? रात्री झोप लागत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, वाईट असलं तरी चालेल.

डॉयल त्याच्या भावाची मोटार आणतोय माझ्यासाठी. चारही चाकांना डिस्क असलेलीच हवी म्हणून अडून बसला. ह्याच्यापुढे तुला ड्रमच्या गाडीत बसू देणार नाही म्हणतो. खांदा बरा झाला की जानेवारीत पुन्हा कामावर जाईन.

व्हर्ना


अ‍ॅक्रन
२० डिसेंबर १९९४

बाळ व्हर्ना,

ह्याआधी तुला दोन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांत लिहिलं होतं की तुझा बाप तुला माफ कर म्हणत होता, तुझा हात धरायला बघत होता, असं काहीबाही. मार्डेल म्हणाली, हेच पाठव, पोरीला जगायचंय. पाठवलंही असतं. पण तू जानेवारीत चारही चाकांना डिस्क असलेली मोटार घेऊन त्याच ओढ्यातून त्याच घाटाला लागणार आहेस, आणि ओढा झाला की तुझा डावा पाय आपोआप ब्रेकवर जाणार आहे. म्हणून खरं सांगावंच लागतंय.

डिस्क ब्रेक सुकवावे लागत नाहीत. पाय ठेवून ठेवलास तर तापतात, तेल उकळतं, पेडल जातं. डावा पाय जमिनीवर ठेवायचा आणि गाडी लो गिअरमध्ये घालायची. तो हेच सांगत होता तुला. उतरव म्हणत नव्हता. तुझा पाय ब्रेकवरून उचलत होता.

चर्चच्या दारातही हेच सांगायला आला होता. जुलैपासून सांगायचं होतं त्याला. पिकअपचे ते नवे ब्रेकही डिस्कचेच होते, त्याने खास तुझ्यासाठी बसवलेले. रोज सकाळी तुझी गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याच्या घशाखाली कॉफी उतरत नव्हती. तुझा तिटकारा त्याला एक दिवसही आला नाही. शपथ होती फक्त.

तुझी चूक नाही. तुला त्याने जे शिकवलं तेच तू केलंस. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही, कुठल्याही मेकॅनिकला विचार.

नव्या मोटारीचं ब्रेक ऑइल बदलून घे. बंद डब्यातलं घाल. खांद्याला जप.

आर्लिसकाका


बकआय घळ
४ जानेवारी १९९५

आर्लिसकाका,

पत्र मिळालं. डॉयलला वाचायला दिलं. तो बाहेर जाऊन मोटारीच्या ब्रेकचं तेल बदलत बसला.

खरं सांगितलंत ते बरं केलंत. मी विचारलं होतं, तेव्हा तक्रार नाही. पाय जमिनीवर ठेवायला शिकतेय. दारातल्या दारात गाडी पुढेमागे करते. विसरायला होतं. पाय उचलला की गुडघ्यावर त्यांचा हात जाणवतो, मग मला गाडी बंद करावी लागते.

तुम्ही लिहिलंय, माझी चूक नाही. असेलही. ते सांगतच होते आणि मी ऐकलं नाही, हे मात्र कुठला मेकॅनिक पुसणार नाही.

एक सारखं मनात येतं, ते लिहून टाकते म्हणजे संपेल. तुम्हाला जुलैपासून ठाऊक होतं, काका. माझा पत्ता तुमच्याकडे होता. एक ओळ पुरली असती. डॅडींनी शपथ घेतली होती. तुम्ही कुठे घेतली होती?

व्हर्ना